पीडीएफच्या तावडीतलं मराठी पुस्तक

ई-इंकचा रीडर घ्यावा की टॅबलेट, असं कुणी विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. रीडरचा पडदा कागदासारखा, डोळ्यांना त्रास कमी, बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. टॅबलेटवर सगळंच होतं. पुस्तक, व्हिडिओ, ऑनलाइन क्लास. ही उत्तरं खोटी नाहीत, पण ती इंग्रजी वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत. मराठी वाचणाऱ्याने त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. आपल्याला जे वाचायचं आहे, ते मुळात कोणत्या स्वरूपात मिळतं?

आधी रीडरची बाजू नीट मांडू. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण असतात. विजेचा इशारा मिळाला की अक्षराच्या जागचे काळे कण वर येतात आणि तिथेच थांबतात. पान बदलेपर्यंत त्यांना वीज लागत नाही. अक्षर दिसतं ते बाहेरच्या उजेडात, कागदावरच्या शाईसारखं. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूने लोकमान्य नगरहून सीताबर्डीकडे जाणारी मेट्रो उंचावरून धावते, डब्यात ऊन भरपूर. मे महिन्यात तिथे मोबाइलचा ब्राइटनेस शेवटपर्यंत ओढला तरी स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. ई-इंकचा पडदा मात्र उन्हात जास्तच स्पष्ट होतो. शिवाय त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नाही, रील नाही. लांबलचक कादंबरी पुरी करायची असेल, तर हा गुण बॅटरीपेक्षा मोठा आहे.

देवनागरीसाठी पडद्याची सूक्ष्मताही महत्त्वाची. रोमन अक्षरं एका ओळीत सुटी बसतात. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय मध्ये जोडाक्षरं. एका इंचात १६७ ठिपके असलेल्या जुन्या स्वस्त रीडरवर ही गर्दी पुसट होते. पेपरव्हाइटमध्ये ३०० ठिपके २०१५ साली आले, साध्या किंडलमध्ये २०२२ साली. म्हणजे यंत्र आता मराठीसाठी तयार आहे. अडतं ते पुस्तकापाशी.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली. ती विकत घेतली तर रीडरवर उत्तम दिसतात, कारण त्यांतला मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पण मराठीत कायदेशीर आणि फुकट असं जे मोठं भांडार आहे, ते बहुतेक पीडीएफमध्ये आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, जुन्या ग्रंथांचे स्कॅन. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा साचा. तो लहान करता येतो, वाहता करता येत नाही.

गणित सोपं आहे. डेमी आकाराचं पान सुमारे साडेपाच इंच रुंद असतं. सहा इंची रीडरच्या पडद्याची रुंदी साडेतीन इंचांच्या आसपास. पान त्यात कोंबलं की १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटच्याही खाली जातं आणि अनुस्वार शोधावा लागतो. झूम करावं, तर ई-इंक संथ. पान सरकवण्यातच वाचन संपतं. दहा इंची टॅबलेटवर तेच पान जवळपास मूळ आकारात बसतं. फुल्यांचं ‘समग्र वाङ्मय’ मंडळाच्या पीडीएफमधून वाचणाऱ्याला, किंवा एमपीएससीसाठी बालभारतीच्या भूगोलातले रंगीत नकाशे बघणाऱ्याला टॅबलेटच सोयीचा. इथे टॅबलेट जिंकतो तो मोठ्या आकारामुळे आणि रंगामुळे. पडद्याच्या चांगुलपणाचा त्यात वाटा नाही.

हे असं का झालं? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण आपला छापखाना वाढला तो पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या फॉन्टांवर. या जुन्या फॉन्टांत ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतो. दुसऱ्याच चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. मजकूर कॉपी केला की अगम्य खुणा येतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी मराठीत तो पुढे कितीतरी वर्षं चालला. त्यातून एक विचित्र उलटापालट झाली. लेखक मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर युनिकोडमध्ये लिहितो, डीटीपीवाला ते छपाईसाठी जुन्या फॉन्टात बदलतो आणि ई-पुस्तक काढायचं ठरलं की तेच पुन्हा युनिकोडमध्ये आणावं लागतं. प्रत्येक फेरीत जोडाक्षरं मोडतात, प्रुफं परत वाचावी लागतात. त्या खर्चापेक्षा छपाईची पीडीएफ तशीच चढवून देणं सोपं.

वाहता मजकूर सगळीकडे बरा, असंही नाही. सुरेश भटांची गझल घ्या. शेर दोन ओळींचा असतो आणि दुसरी ओळ कुठे संपते यावर त्याचा ठोका अवलंबून असतो. लहान पडद्यावर अक्षर मोठं केलं की दोनाच्या चार ओळी होतात आणि यमक भलतीकडे जाऊन बसतं. कवितेला ठरलेलं पान लागतं. कथा, कादंबरी, वैचारिक गद्य यांना मात्र वाहता मजकूरच हवा, आणि तिथेच आपली उपेक्षा जास्त आहे.

किंडलचं दुकान हे यावरचं पूर्ण उत्तर नाही. तिथली पुस्तकं संगणकावर उतरवून घेण्याची सोय अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. ज्या पुस्तकावर आपली चालत नाही, ते मित्राला द्यायचं कसं आणि गावच्या ग्रंथालयात ठेवायचं कसं?

त्याच वर्षी भारतात आलेल्या पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. एवढ्या पैशांत बरा मोबाइल येतो, आणि घरात एकच वस्तू घ्यायची असेल तर ती कोणती असेल हे सांगायला नको. हिंगण्यातली कॉलेजची मुलं मराठी वाचणार आहेत ती मोबाइलवरच. सहा-साडेसहा इंची मोबाइलवर पीडीएफचे हाल रीडरइतकेच होतात. म्हणून ईपबची मागणी ही केवळ महागडा रीडर बाळगणाऱ्यांची हौस नाही. मजकूर एकदा युनिकोडमध्ये आणि ईपबमध्ये आला की तो रीडरवर, टॅबलेटवर आणि साध्या फोनवरही सारखाच सुखाने वाचता येतो.

तोवर खरेदी करताना आपली वाचनयादी समोर ठेवा. इंग्रजी कादंबऱ्या आणि किंडलवर मिळणारी मराठी पुस्तकं जास्त असतील, तर रीडर घ्या. पीडीएफ, नकाशे, स्कॅन जास्त असतील, तर टॅबलेट घ्या. आणि प्रकाशकाला, मंडळाला, फुकट पुस्तकं देणाऱ्या संस्थेला ईमेल करून विचारा: पीडीएफच्या शेजारी ईपब का नाही? सरकारी खर्चाने निघालेल्या ग्रंथांबाबत तर हा प्रश्न विचारायचा आपला हक्कच आहे.