गीत आणि हांक

ठाण्याच्या वागळे इस्टेटींत दुपारच्या सुटीच्या वेळीं चहाच्या टपरीपाशीं क्षणभर उभें राहावें, म्हणजे आजच्या संगीताभिरुचीचें एक नवें अंग आपोआप कानीं पडतें. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. येथील यंत्रांची घरघर पुष्कळ ठिकाणीं ओसरून संगणकाच्या कचेऱ्या आल्या. तथापि दोन्हींकडील तरुणांच्या खिशांतून एकच प्रकार ऐकूं येतो : आवडत्या गाण्याचा स्वतःच्या हातानें कापलेला तुकडा. कोठें लावणीचा ठेका, कोठें अभंगाची तान, कोठें चित्रपटगीताचा मुखडा. ह्यास रिंगटोन म्हणतात. असल्या क्षुल्लक वस्तूची चर्चा मासिकाच्या पृष्ठांवर कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, गाण्याचा कोणता अंश सर्वांत मोलाचा, हें जी कृति ठरविते, ती रसविचाराबाहेरची असूं शकत नाहीं.

ह्या कृतीची रीत सोपी आहे. फोनमधील एखाद्या साधनांत गाणें उघडावें. पडद्यावर त्याच्या ध्वनीचा डोंगरदऱ्यांसारखा आलेख दिसतो. त्यावर आरंभाची व शेवटाची खूण करावी, मधला भाग राखावा आणि तो घंटीच्या जागीं बसवावा. ॲपलच्या गॅरेजबँडमध्यें हा तुकडा ३० सेकंदांहून मोठा चालत नाहीं. तेव्हां कापणाऱ्यास निवड करावीच लागते. आरंभींचें संथ वाद्यवादन तो बहुधा टाळतो, कारण गलबल्यांत तें ऐकूंच येत नाहीं. पहिल्याच क्षणीं ठसठशीत उमटणारी जागा तो शोधतो. त्यासाठीं तेंच गाणें दहा वेळां परतून ऐकतो. इतक्या बारकाईनें ऐकणारा श्रोता मैफलींतहि विरळाच.

तुकडा आंखूड आहे म्हणून नाक मुरडणें आम्हांस मान्य नाहीं. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मावत. तेवढ्यांत अब्दुल करीम खां यांनीं राग उभा केला, आणि रंगभूमीवर ‘वन्स मोअर’मुळें लांबत जाणारीं पदें बालगंधर्वांनीं त्याच मापांत बसविलीं. राजा बढे यांचें गीत महाराष्ट्रानें २०२३ सालीं राज्यगीत म्हणून स्वीकारलें, तेव्हां त्याचीं दोनच कडवीं घेऊन अवधि १ मिनिट ४१ सेकंदांचा ठरविला. परंतु ह्या सर्व ठिकाणीं संक्षेपास स्वतःचा शेवट आहे. तबकडी संपण्यापूर्वीं गायकास समेवर येतां येई. राज्यगीताचें कडवें पुरें होतें. रिंगटोनचा शेवट मात्र संगीत ठरवीत नाहीं, अंगठा ठरवितो.

खरी हानि येथेंच आहे. गाणें समेकडे निघतें न निघतें, तोंच फोन उचलला जातो. दिवसांतून वीस वेळां अपुरें राहणारें गाणें पूर्ततेची अपेक्षा करावयासच कानास विसरावयास लावतें. एका कारखान्यांतील तरुण कारागिरानें आम्हांस आपला अनुभव सांगितला. पंडित भीमसेन जोशी यांनीं गायिलेला एक अभंग त्याचा फार आवडता. त्यांतील एक तान त्यानें मोठ्या हौसेनें कापून फोनवर बसविली. सहा महिन्यांनीं कार्तिकी एकादशीच्या भजनांत तोच अभंग सुरू झाला, ती जागा आली, आणि त्याचा हात खिशाकडे गेला. “सर, देव आठवायच्या आधी साहेबांचा फोन आठवला,” असें तो खजील होऊन म्हणाला.

ही त्याच्या एकट्याची गोष्ट नव्हे. फ्रान्सिस्को तारेगा ह्या स्पॅनिश गिटारवादकाची १९०२ सालची वॉल्ट्झ नृत्याच्या लयीची एक रचना आहे. तिच्यांतील लहानसा तुकडा नोकियानें १९९४ सालीं आपल्या फोनची घंटी म्हणून घेतला व तो जगभर घुमला. आज मूळ रचना कोणी वाजवूं लागला, तर त्या जागेपाशीं श्रोत्यास तारेगा आठवत नाहीं, फोन आठवतो. गीताची हांक झाली, कीं तें ऐकावयाचें राहत नाहीं. त्यास केवळ ओ द्यावयाची असते.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच. रिंगटोन अवश्य करावी. पण तुकडा असा निवडावा, कीं तो चार-पांच सेकंदांत एकदां तरी समेवर येईल. शब्दांपेक्षां वाद्यांची ओळ घ्यावी. ती मध्येंच तुटली तरी अर्थ तुटत नाहीं. आणि जें गाणें आपणांस खरोखर प्राणप्रिय, त्यास ह्या चाकरीस लावूं नये. त्या कारागिरानें आतां फोनवर साधी घंटी ठेविली आहे. ती तान पुन्हां तान म्हणून ऐकूं येण्यास किती दिवस लागतील, हें त्यास अद्याप कळलेलें नाहीं. पण दर एकादशीस तो भजनास बसतो.