डोळ्यांत थेंब टाकण्याचे साधन: एक परीक्षण

डोळ्यांत औषधाचा थेंब टाकणे दिसते तितके सोपे नाही. मान मागे न्यायची, एका हाताने खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हाताने बाटली उलटी धरून दाबायची आणि थेंब येताना दिसत असूनही डोळा मिटू द्यायचा नाही! आम्ही राहतो त्या जुळे सोलापुरात काचबिंदूसाठी रोज असे थेंब टाकणारी वडीलधारी मंडळी आहेत. कोणाचा हात कापतो, कोणाची बोटे संधिवाताने आखडली आहेत, तर कोणाची मुले नोकरीसाठी पुण्याला असल्याने मदतीला कोणी नाही. थेंब गालावर ओघळला तरी 'टाकले औषध' असे समजून बाटली बंद होते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून हा प्रश्न किरकोळ नव्हे.

या अडचणीवर काही साधने निघाली आहेत. ब्रिटनमधील ओवेन ममफर्ड या कंपनीचे 'ऑटोड्रॉप' हे त्यांपैकी एक. बाटलीवर बसणारी ही प्लॅस्टिकची वाटी डोळ्यावर ठेवतात. तिची कड खालची पापणी धरून ठेवते आणि बारीक छिद्रातून पाहिल्यामुळे नजर पडणाऱ्या थेंबावरून दूर राहते. याच कंपनीच्या 'ऑटोस्क्वीझ'मध्ये बाटलीच्या दोन्ही बाजूंना पंख असतात. तरफेच्या तत्त्वामुळे कमी बळ लावूनही बाटली दाबली जाते.

अशा साधनाचे परीक्षण करताना मूळ अडचण कोणती, हे आधी ठरवले पाहिजे. आमच्या मते अडचणी तीन आहेत: नेम, दाब आणि माप. वाटी नेम साधते. बाटलीचे टोक बुबुळाला लागण्याची भीतीही ती कमी करते. पंख दाबाचा प्रश्न सोडवतात. मापाचे काय?

येथे थोडे गणित करू. डोळ्यात एरवी सुमारे 7 मायक्रोलिटर अश्रू असतात आणि पापणीच्या कप्प्यात फार तर 30 मायक्रोलिटर द्रव मावतो. बाजारातील बाटल्यांचा थेंब मात्र साधारण 25 ते 70 मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे नेम अचूक साधला तरी बऱ्याच वेळा औषधाचा काही भाग बाहेर ओघळणार, किंवा अश्रुनलिकेतून नाकात आणि तेथून रक्तात जाणार. काचबिंदूवर दिले जाणारे टिमोलॉल असे रक्तात गेले, तर दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते आणि नाडी मंदावू शकते.

थेंब एवढा मोठा का? थॉमस टेट यांनी 1864 साली दाखवले की थेंबाचे वजन नळीच्या तोंडाच्या व्यासावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असते. तोंड रुंद असले की थेंब मोठा. बाटली सरळ उभी उलटी धरली तर सामान्यतः थेंब मोठा पडतो, तिरपी धरली तर लहान. वाटीचे साधन बाटली उभीच धरायला लावते! नेम सुधारताना मापाकडे दुर्लक्ष झाले, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. दोष रुग्णाच्या हाताइतकाच बाटलीच्या तोंडाचाही आहे.

हा दोष इतरांच्याही ध्यानात आला आहे. अमेरिकेतील प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने 2017 साली मोठ्या थेंबांमुळे वाया जाणाऱ्या औषधावर लेख प्रसिद्ध केला. त्यातून प्रेरणा घेऊन 'नॅनोड्रॉपर' हे बाटलीच्या तोंडावर बसवायचे टोक तयार झाले. ते थेंब लहान करते, पण नेम धरत नाही. शिवाय बचतीलाही मर्यादा आहे. 5 मिलिलिटरच्या बाटलीत 50 मायक्रोलिटरचे 100 थेंब होतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा टाकल्यास ते 25 दिवस पुरतात. थेंब निम्मा केला तर 50 दिवस पुरावेत, परंतु उघडलेली बाटली साधारणतः महिन्याने टाकून द्यायची असते.

आणखी दोन उणिवा सांगायला हव्यात. निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्यांचे आकार सारखे नसल्याने एका बाटलीवर बसणारे साधन दुसरीवर बसेलच असे नाही. वाटी न धुता किंवा दोघांत मिळून वापरली तर संसर्गाचा धोका आहेच.

मग साधन घ्यावे की नाही? हात कापत असेल आणि घरात दुसरे कोणी नसेल तर जरूर घ्यावे, मात्र आपल्या बाटलीवर बसते का ते आधी पाहावे. इतरांनी पुढील रीत प्रथम शिकावी. उताणे पडून खालची पापणी ओढावी, म्हणजे कप्पा तयार होतो. नजर वर ठेवून त्यात एकच थेंब सोडावा. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. औषध नाकात उतरणे त्यामुळे कमी होते. दुसरे औषध पाच मिनिटांनी टाकावे. या रीतीला पैसा लागत नाही, पण ती कोणीतरी सावकाश करून दाखवावी लागते.

वर्गात हा विषय सहज घेता येईल. औषधाची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन तीत पाणी भरावे. बिनसुईच्या सिरिंजची दांडी काढून तोंड बंद करावे आणि तीत 1 मिलिलिटर पाणी जमायला किती थेंब लागतात ते बाटली उभी व तिरपी धरून मोजावे. मग साबणाचे पाणी घेऊन पुन्हा मोजावे. पृष्ठताण कमी झाल्याने थेंबांची संख्या वाढलेली दिसेल. नेम कागदावर काढलेल्या डोळ्यावरच तपासावा, कोणाच्याही खऱ्या डोळ्यावर नव्हे. ही बाटली पुन्हा औषधासाठी वापरू नये. थेंब मोजलेला विद्यार्थी घरच्या आजी-आजोबांना 'एकच थेंब पुरे' हे कारणासह सांगू शकेल.