रब्बूची बाजू

इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’चा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा अश्लीलतेपाशी सुरू होते आणि खटल्यापाशी संपते. १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’मध्ये ही उर्दू कथा आली. मुंबईत राहणाऱ्या इस्मतआपांवर लाहोरात खटला झाला आणि त्या सुटल्या. बोट ठेवावे असा शब्दच फिर्यादी पक्षाला कथेत दाखवता आला नाही. हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण कथा नीट वाचतो का?

नवाबसाहेबांचे मन तरुण मुलांत रमलेले. हवेलीत एकाकी पडलेल्या बेगमजानला जगवते ती अंग चोळून देणारी रब्बू. ही जवळीक आपण पाहतो ती एका लहान मुलीच्या नजरेने. रात्री हलणाऱ्या लिहाफची भिंतीवरची सावली तिला हत्तीसारखी भासते. रब्बू आपल्या मुलाला भेटायला गेली असताना बेगम त्या मुलीलाही नको तसा स्पर्श करते. म्हणून ही निव्वळ प्रेमकथा आहे, हे आम्हांस पटत नाही. निव्वळ विकृतीची कथा आहे, हेही पटत नाही. मुलीची भीती खरी, बेगमचा एकटेपणाही खरा.

राहिली रब्बू. तिच्या मनात माया होती की पोटाची गरज? कथा सांगत नाही. मालकिणीला ‘नाही’ म्हणण्याची मुभा मोलकरणीला कितीशी असणार?

मराठीत विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) लिहिले. तिथेही सुमित्राची व्यथा सांगतो तो तिचा मित्र बापू.

दोघींच्याही हाती लेखणी असली तर काय होते, ते जपानात दिसते. कादंबरीकार युरिको आणि रशियन साहित्याची अनुवादक युआसा योशिको १९२४ मध्ये भेटल्या, एकत्र राहिल्या, १९२७ ते १९३० सोविएत रशियात सोबत होत्या. १९३२ मध्ये युरिकोने केन्जी मियामोतोशी विवाह केला. नाते तुटले, पण एकमेकींना लिहिलेली पत्रे उरली. म्हणून वाचकाला तिथे दोघींचे म्हणणे ऐकता येते.

अशा नात्याविषयी प्रत्येकाचे मजहबी मत असेल, ते त्याच्यापाशी. समीक्षेचे काम निराळे आहे. फतवा किंवा शाबासकी देण्याआधी तिने विचारावे, इथे कोण बोलले आणि कोणाला बोलूच दिले नाही? ‘लिहाफ’पुरते उत्तर स्पष्ट आहे. ऐंशीहून अधिक वर्षे आपण बेगमवर वाद घातला. रब्बूची बाजू अजून कोणी मांडलेली आम्ही वाचलेली नाही.

कुडपण, ता. पोलादपूर