शिवलेल्या निऱ्या

क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये सजावटीपेक्षा स्त्रियांचा वेश कितीतरी पुढे गेला, असं माझं मत आहे. सजावट ग्रीक-रोमन नक्षीपाशी थांबली. वेशाने कापडाच्या पडण्यावर भरवसा ठेवला. 1795 नंतर ताठ कॉर्सेट सुटलं, कंबर छातीखाली सरकली आणि पातळ पांढरी मलमल सरळ पावलांपर्यंत उतरली. चित्रकार दावीदचं 1800 मधलं मादाम रेकामिएचं अपुरं राहिलेलं चित्र पाहावं: अनवाणी पाय, पांढरं वस्त्र, मागे जवळजवळ रिकामी भिंत. दागिन्यांचं काम कापडाच्या चुण्याच करतात. त्या काळची सर्वांत तलम मलमल बंगालची, आणि नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर खांद्यांवर रुळली ती काश्मिरी शाल. ग्रीक म्हणून मिरवलेल्या वेशाचा जीव हिंदुस्थानी मागावरचा होता.

नेपोलियनच्या दरबारात हे सारं जड झालं. ल्योंचे माग चालावेत म्हणून रेशमाला मान मिळाला. पर्सिए आणि फोंतेन या वास्तुकारांनी महोगनीवर सोनेरी हंस, स्फिंक्स, सिंहाचे पंजे आणले. त्यांचा नमुनासंग्रह 1812 मध्ये पुरा झाला आणि युरोपभर गिरवला गेला. नक्षी उचलणं सोपं असतं; ग्रीक खांब मुंबईतही आले. मुंबईच्या 1833 च्या टाऊन हॉलचे डोरिक खांब निदान इमारतीचा भार घेतात. आज लग्नाच्या स्टेजवर उभे राहणारे फायबरचे खांब कशाचाच घेत नाहीत.

फ्रेंच वेशाची मर्यादा एकच, पण मोठी. तो शिवलेला होता. न शिवलेल्या कापडाला अंगावरच घाट देण्याची ग्रीकांसारखीच कला नवी मुंबईतल्या नेरुळच्या खाडीकाठी, करावे गावासारख्या आगरी-कोळी गावांत, रोजच्या वापरात होती. आगरी बाईचं गुडघ्यापर्यंतचं काष्ट्याचं लुगडं भातखाचरात, मिठागरात वावरण्यासाठी घडलेलं. चिखलात ते पायांत येत नाही, वाकताना सुटत नाही, आणि तरी त्याला देखणेपण आहे. 1970 पासून नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, कामं बदलली, रोजचं लुगडंही मागे पडलं.

आता ते हळदीत नि नाचात दिसतं, आणि पुष्कळदा शिवलेलं: निऱ्या टाचलेल्या, कंबरेला नाडी किंवा हूक. पॅरिसच्या शिंप्यांनी नेमकं हेच केलं होतं. या शिवलेल्या नऊवारीमुळे तरुण मुली काष्टा घालतात, ही तिची जमेची बाजू मला मोलाची वाटते. पण तिच्या निऱ्या कुठल्याही अंगावर सारख्याच पडतात.

शिवलेला फ्रेंच झगा संग्रहालयातही आपला घाट राखतो. लुगडं सोडलं की उरते कापडाची घडी. घाट नेसणारीच्या हातात असतो. साडीच्या अभ्यासक ऋता कपूर चिश्ती यांनी देशभरातल्या साडी नेसण्याच्या शंभराहून अधिक तऱ्हा नोंदवल्या. तशी नोंद इथे गावागावांत व्हायला हवी: काष्टा कुठून ओढायचा, निऱ्या किती घ्यायच्या, पदर कुठे खोचायचा, हे सावकाश चित्रित करून. आणि त्या चित्रणावर नेसून दाखवणाऱ्या बाईचं नाव कलावंत म्हणून यायला हवं.