भिंतीतल्या मिठाला पाणी सुटतं तेव्हा : 'डायजेस्ट २४५' कोपरीत बसून वाचताना

संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येकाला पहिली सूचना मिळते, 'आधी लिटरेचर वाचा.' वाचताना भांडायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. आपण शंभर पेपर डाउनलोड करतो, प्रत्येकाचा चार ओळींचा सारांश लिहितो आणि त्यालाच रिव्ह्यू म्हणतो. आज मी एकच कागद घेणार आहे. त्याच्याशी नीट भांडू.

कागद आहे ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचा 'डायजेस्ट २४५'. विषय : भिंतीत जमिनीतून चढणारी ओल, तिचं निदान आणि उपाय. जुन्या घरांच्या ओलीवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने १९८०च्या दशकापासून याचा आधार घेतला आहे. तुमचा विषय वाडे, चाळी, जुनी देवळं, किल्ल्यावरच्या इमारती यांपैकी काहीही असो, आज ना उद्या हा कागद तुमच्या टेबलावर येणारच.

आधी त्याचं श्रेय देऊ, कारण ते मोठं आहे. भिंतीला दोन सुया टोचायच्या, मीटरचा काटा लाल भागात गेला की 'खालून ओल चढतेय' म्हणायचं आणि रसायनांची इंजेक्शनं विकायची, असा धंदा ब्रिटनमध्ये जोरात चालत होता. आपल्याकडेही चालतो. सुयांचा मीटर मोजतो विद्युतरोध, आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. भिंतीत क्षार असले की काटा उडी मारतो, मग पाणी फार असो वा नसो. डायजेस्टने सांगितलं की यावर विसंबू नका. ड्रिलने वेगवेगळ्या उंचीवरून भिंतीचा चुरा काढा, वजन करा, भट्टीत वाळवा, पुन्हा वजन करा. मिळालेला आकडा म्हणजे भिंतीत प्रत्यक्ष किती टक्के पाणी आहे ते. मग तोच चुरा ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या बंद बरणीत ठेवा आणि तो हवेतून किती पाणी पितो ते मोजा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर पाणी द्रवरूपात कुठून तरी येतंय. नसेल तर क्षार हवेतली आर्द्रता ओढतायत. पाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा मोठ्या उपायांची गरज नाही.

सुंदर युक्तिवाद आहे. दोन वजनं, एक वजाबाकी, आणि 'पाणी किती' यापलीकडे जाऊन 'पाणी कुठून' हे विचारायची सोय. मेथडॉलॉजीच्या प्रकरणात उदाहरण म्हणून द्यावा असा.

माझी तक्रार त्या ७५शी आहे.

ही आर्द्रता मिळवायला बरणीच्या तळाशी साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवतात. संपृक्त मिठाच्या वरची हवा आपोआप ७५ टक्क्यांवर स्थिर होते, तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी. म्हणजे ७५ हा ब्रिटनच्या भिंतींचा गुणधर्म नाही, प्रयोगशाळेची सोय आहे. तिथे ती बऱ्यापैकी चालून जाते, कारण राहत्या, तापवलेल्या घरातली हवा याहून ओली क्वचितच असते.

आता कोपरीत या. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की खाडी चालत गाठता येते. वाटेत मीठबंदर लागतं. नावातच सगळं आलं : इथून मीठ जायचं, आणि मिठागरं आसपासच होती. कोपरी-चेंदणीच्या पट्ट्यात अजून थोडी जुनी घरं उभी आहेत : चुन्यातलं विटांचं किंवा दगडाचं भारवाहक बांधकाम, जाड भिंती, लाकडी तुळया, वर कौलं. यातल्या काहींची रेती खाडीतून आलेली असणार अशी दाट शक्यता आहे. पलीकडे कळवा-मुंब्र्याकडे रेतीबंदर नावाच्या जागा आहेत त्या उगाच नाहीत. खाडीची रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर मीठ पहिल्या दिवसापासून भिंतीतच असतं. जमिनीतून चढायची गरजच नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये इथली सापेक्ष आर्द्रता सरासरीने ८०च्या वर असते. संततधार असली की ९०च्या पुढे जाते. आणि मिठाचा उंबरठा नेमका ७५ला आहे. त्याखाली ते कोरडं स्फटिक राहतं, वर गेलं की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. हे कळायला पीएचडी लागत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या कुठल्याही आजीला हे ठाऊक आहे. जुन्या भिंतीत काय होतं? तेच, फक्त तांदूळ नसतात.

आकडेमोड करून पाहू, ती तुम्हालाही जमेल. मिठाच्या द्रावणाचे गुणधर्म कोणत्याही रसायनशास्त्राच्या तक्त्यात आहेत. ७५ टक्के आर्द्रतेला समतोलात एक ग्रॅम विरघळलेलं मीठ साधारण २.८ ग्रॅम पाणी धरतं. ८५ टक्क्यांना ४.२ ग्रॅम. ९० टक्क्यांना ६ ग्रॅम. म्हणजे भिंतीच्या वजनात फक्त १ टक्का मीठ असेल, तर जमिनीतून थेंबही न येता मुसळधार आठवड्यात तिच्यात ६ टक्के पाणी असू शकतं. डायजेस्टची ५ टक्क्यांची रेषा पार. आता वजाबाकी करा. भिंतीतलं पाणी ६, बरणीतलं उत्तर २.८. पहिला आकडा मोठा, म्हणून निदान : 'द्रवरूप पाणी आत येतंय.' पाणी आलं हवेतून, दोष गेला जोत्यावर.

दुसरी अडचण आणखी चमत्कारिक आहे. बरणीतली हवा मिठाच्या उंबरठ्यावरच उभी असते. नमुन्यातही तेच मीठ असेल तर ते विरघळावं की नाही, हे अर्ध्या टक्क्याच्या फरकावर ठरतं. ज्या क्षाराबद्दल आपल्याला सर्वांत जास्त जाणून घ्यायचंय, त्याच क्षाराच्या बाबतीत ही बरणी सर्वांत अनिश्चित आहे. प्रत्यक्षात खाडीच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते उंबरठा खाली ओढतात आणि चित्र थोडं सावरतं. पण किती सावरतं, ते नमुन्यागणिक बदलतं.

याला एक आक्षेप तुम्ही घ्यायला हवा, नाहीतर परीक्षक घेतील : अठरा इंचांची भिंत एका पावसाळ्यात हवेशी समतोल साधेल का? नाही. बाहेरचा थर साधेल, गाभा मागे राहील. म्हणून उंचीइतकाच खोलीचाही आलेख महत्त्वाचा. हवेतून प्यालेलं पाणी गिलाव्यात आणि लोणा लागलेल्या पट्ट्यात जास्त सापडेल, जमिनीतून चढलेलं गाभ्यात आणि खाली. सगळा चुरा एकाच पिशवीत भरलात तर हा पुरावा तुम्ही ड्रिल करतानाच घालवला.

हा नुसता चाचणीचा वाद वाटत असेल तर निदानानंतर काय होतं ते बघा. 'ओल चढतेय' म्हटलं की ठेकेदार जुना चुन्याचा गिलावा खरवडतो आणि सिमेंटचा, वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला गिलावा दोन्ही बाजूंनी चढवतो. एखाद वर्ष भिंत झकास दिसते. मग पोपडे आधीपेक्षा फूटभर वर सुटतात. याचं कारण ख्रिस्तोफर हॉल आणि विल्यम हॉफ यांच्या २००७च्या पेपरात आहे, आणि डायजेस्टच्या शेजारी तोही ठेवून वाचा असं मी सांगेन. त्यांच्या मांडणीत पाणी किती उंच चढणार हे भिंतीचं शोषण, तिची जाडी आणि पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन यांच्या तोलावर ठरतं. उंची बाष्पीभवनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बाष्पीभवन एक चतुर्थांश झालं की उंची दुप्पट. सिमेंटचा गिलावा नेमकं तेच करतो, भिंतीचा श्वास कोंडतो. पाणी वर सरकतं आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत बसलंय तिथवर पोचतं. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो. एरवी गिलाव्यापुरता असलेला प्रश्न आता छपराचा होतो.

(हॉल-हॉफच्या मूळ समीकरणात क्षार नाहीत, हेही टिपून ठेवा. त्यांच्याशी भांडण पुढच्या वेळी.)

'वॉटर डॅमेज रिस्टोरेशन' असं शोधलंत तर आधी अमेरिकी साहित्य समोर येईल. तिथला एस-५०० हा मानक पाण्याचे तीन प्रकार आणि वाळवण्याचे चार वर्ग सांगतो, आणि तिथला एकंदर सल्ला असतो की बुरशी टाळायला २४ ते ४८ तासांत सगळं सुकवा. लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ फळ्यांच्या घराला ते योग्य आहे. जाड, खारट चुन्याच्या भिंतीवर मोठे पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून घाई केलीत तर क्षार पृष्ठभागाखालीच स्फटिक होतात आणि गिलावा उडवतात. ब्रिटिश ठोकताळा वेगळा : इंचाला महिना. अठरा इंचांच्या भिंतीला अठरा महिने, तेही सुकायला अनुकूल हवा असेल तर. आपल्याकडे दर वर्षी चार महिने हे घड्याळच थांबतं.

आता पैसे आणि छप्पर कोणाचं ते. मुंबई शहरात १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती 'अ' वर्गात येतात आणि त्यांच्यासाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. १९४७च्या भाडे कायद्यानेही प्रमाण भाड्यासाठी हीच तारीख धरली होती. आपल्याकडे 'युद्धपूर्व' शब्दाला असा सरकारी अर्थ आहे. पण उपकर शहर बेटापुरता. खाडीकाठच्या ठाण्यात भाडी गोठली, दुरुस्ती मंडळ मात्र आलं नाही. इथे जुन्या घराची गाठ पडते ती महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीशी : सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्त करा, सी-३ म्हणजे किरकोळ. ही वर्गवारी ओलीच्या एका आकड्यावर होत नाही, ते अन्यायाचं बोलणं होईल. पण 'जोत्यातून सतत पाणी, उपाय निष्फळ' हे वाक्य अहवालात आलं की वाचणाऱ्याचं मन कुठे झुकतं ते सांगायला नको. भाडेकरूसाठी ए आणि बी यांत बिऱ्हाड हलवण्याइतकं अंतर आहे. आणि अहवाल लिहिणाऱ्याच्या हाताशी काय असतं? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची २००२ची दुरुस्तीवरची पुस्तिका उपयुक्त आहे, पण ती नावाप्रमाणेच आरसीसी इमारतींची आहे. चुन्याच्या भारवाहक भिंतीला त्या चौकटीत बसवलं की ती नापासच होते.

मग डायजेस्ट फेकायचा का? अजिबात नाही. त्याचा प्रश्न ठेवा, बरणी बदला. एका बरणीऐवजी तीन-चार घ्या. सोडियम ब्रोमाइडचं संपृक्त द्रावण साधारण ५८ टक्के देतं, साधं मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८५च्या आसपास, पोटॅशियम नायट्रेट ९३च्या आसपास. एकच चुरा चारही बरण्यांत ठेवून वजनं घेतलीत की एका आकड्याऐवजी वक्र मिळतो, आणि घरात त्या आठवड्यात जी आर्द्रता होती तिच्याशी तुलना करता येते. म्हणून खोलीत आर्द्रतेचा नोंदक लावल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. नायट्रेटची साधी चाचणीही करा. ते भरपूर सापडलं तर न्हाणीघराच्या किंवा गटाराच्या पाण्याचा संशय घ्यायला जागा आहे, नुसत्या खाडीच्या मिठाने ते येणार नाही. गिलाव्यात जिप्सम असल्याची शंका असेल तर १०५ अंशांची भट्टी टाळा. जिप्सम आपलं स्फटिकातलं पाणी सोडतं आणि तुम्ही ते ओल म्हणून मोजता. ४० अंशांवर सावकाश वाळवा.

आणि दोन ऋतूंचे नमुने घ्या, शेजारशेजारच्या भोकांतून. जमिनीतलं पाणी मेमध्येही गाभ्यात थोडंफार असतं. हवेतलं बरंचसं निघून गेलेलं असतं. हा फरक कोणत्याही एका दिवसाच्या चाचणीत दिसणार नाही, मग ती चाचणी कितीही नावाजलेल्या संस्थेची असो. मेचे नमुने जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत काढून सीलबंद करा. घरमालक आणि भाडेकरू दोघांचीही परवानगी लेखी घ्या. बरण्या काचेच्या, रबरी वायसर असलेल्या घ्या. लोणच्याच्या जुन्या चालतील, पण आधी चांगल्या धुवा.