गॅदरिंगच्या नाटकापासून करंडकाच्या एकांकिकेपर्यंत

१९५०च्या सुमारास पुण्याच्या कॉलेजांतलं नाटक म्हणजे मुख्यतः गॅदरिंगचं नाटक. वर्षातून एकदा स्नेहसंमेलन आणि त्यात एखादा तीन अंकी प्रयोग. तोही शक्यतो अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’ किंवा ‘लग्नाची बेडी’सारखा, हमखास हशे वसूल करणारा. पडदे भाड्याने आणायचे, विंगेत प्रॉम्प्टर उभा करायचा आणि प्रयोग उरकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत नाटकाचं नाव काढायचं नाही. या रंगभूमीबद्दल फार हळवेपणाने लिहिलं जातं. तिने अनेकांची हौस भागवली, अनेकांची सभाधीटता वाढवली. पण दिग्दर्शन म्हणजे काय, समूहाने नाटक कसं उभं करायचं, हे तिथे कुणी शिकल्याचं दिसत नाही.

ते शिक्षण मिळालं कॉलेजच्या फाटकाबाहेर. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, शिकून बाहेर पडलेल्या मुलांना हौशी राहूनही कसून तालीम करायला लावलं. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि अशा संस्थांना मुंबई-पुण्याबाहेरही व्यासपीठ मिळालं. १९५७मध्ये पीडीएने वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ केलं. लेखक नाशिकचे प्राध्यापक, प्रमुख भूमिकेत डॉक्टर श्रीराम लागू. धंदेवाईक कंपन्या बोलपटांपुढे केव्हाच कोलमडल्या होत्या. ती पोकळी अशा नोकरी-व्यवसाय सांभाळून तालमीला येणाऱ्या माणसांनी भरली.

लागू बी. जे. मेडिकलचे. पुढे जब्बार पटेल, मोहन आगाशे तिथलेच. हा योगायोग मला वाटत नाही. कला किंवा विज्ञान शाखेचा विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन जातो. नाटकाचा गट जमेपर्यंत त्याची शेवटची परीक्षा येते. वैद्यकीय शिक्षण लांबलचक. इंटर्नशिप, मग पुढची पदवी. ज्येष्ठ विद्यार्थी हॉस्टेलवरच असतो, नवख्याला ओरडतो, हात धरून शिकवतो. कॉलेजच्या रंगभूमीला सर्वांत मोठा शाप असतो तो दरवर्षी विस्कटणाऱ्या गटाचा. बी. जे.मध्ये तो सौम्य झाला. डिसेंबर १९७२मध्ये पीडीएने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ‘घाशीराम कोतवाल’ केलं. त्यात पाठमोऱ्या ब्राह्मणांची रांग क्षणात भिंत होते, क्षणात पडदा, आणि तिच्या फटींतून पात्रं ये-जा करतात. इतकी एकजीव हालचाल वर्षानुवर्षं एकत्र घाम गाळल्याशिवाय येत नाही.

१९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि गॅदरिंगच्या नाटकाची सद्दी संपली. तासाभराची एकांकिका, मोजकं नेपथ्य, भरत नाट्य मंदिरात आरोळ्या ठोकणारी कॉलेजं. महिनाभर फक्त तालीम करायची सवय या करंडकाने लावली, हे त्याचं ऋण मोठं आहे. तोटाही झालाच. परीक्षकांना चकवणारा शेवट, टाळ्यांसाठी लिहिलेलं स्वगत, यांचा एक ठरीव साचा पुढे रुजला. त्याहून मला खुपते ती ‘स्त्रीपात्रविरहित’ नाटकांची मागणी. मुली कमी असलेल्या कॉलेजांना ती सोयीची, घरच्यांच्या धाकात असलेल्या मुलींच्या पालकांनाही सोयीची. पण ज्या वयात अभिनेत्री घडायची त्याच वयात तिला तालमीच्या खोलीबाहेर ठेवलं गेलं. विजया मेहता किंवा सुलभा देशपांडे यांची नावं घेऊन हा हिशेब चुकता होत नाही.

आणखी एक उणीव अजूनही भरून काढता येईल. तेंडुलकरांच्या एकांकिका पुस्तकांतून पुढे आल्या म्हणून त्यांवर चर्चा तरी होते. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या कितीतरी संहिता छापल्याच गेल्या नाहीत. त्या काळच्या तालमीच्या वह्या आज घराघरांतल्या माळ्यांवर असतील. त्या काळचे नट-लेखक हयात आहेत तोवर त्या गोळा करायला हव्यात, आणि हे काम पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने अंगावर घ्यावं.