खोटं सहापट वेगानं पसरतं, पण कोणतं खोटं?

निवडणूक आली की हे वाक्य हमखास ऐकू येतं: खोटी बातमी खरीपेक्षा सहापट वेगानं पसरते, म्हणून कडक कायदा हवा. मूळ पेपर २०१८चा, ‘सायन्स’मधला, वोसोघी, रॉय आणि अराल यांचा. २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० अफवा-साखळ्या त्यांनी तपासल्या. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या गोष्टीला खोट्याच्या सहापट वेळ लागला, असं त्यात आहे.

पेपर चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती तो जसा वापरला जातो त्याबद्दल. मेथडचा भाग उघडा. ‘खोटं’ कुणी ठरवलं? सहा फॅक्ट-चेक संस्थांनी, आणि त्यांचं आपसात ९५ ते ९८ टक्के जुळत होतं. सॅम्पल एकांगी असेल ही शंका लेखकांनाही आली. म्हणून संस्थांनी न तपासलेल्या अफवा त्यांनी विद्यार्थ्यांकडून तपासून घेतल्या. निष्कर्ष टिकला. (साखळ्यांची खोली-रुंदी वेगळी दिसते ती मुख्यतः खोट्याच्या साखळ्या मोठ्या असतात म्हणून, हे २०२१ मध्ये जूल आणि उगांडर यांनी दाखवलं. तो पेपर मात्र फारसं कुणी सांगत नाही.)

तरीही आत आलं ते ज्याचा निवाडा करता येतो तेवढंच. अभ्यासात हे चालतं. कायद्याला मात्र उरलेल्याशीच गाठ असते. ‘मतदानाची तारीख बदलली’ हे मिनिटात तपासता येतं. पण २०२४च्या लोकसभा प्रचारात ‘४०० जागा आल्या तर संविधान बदलतील’ असं विरोधक म्हणत होते, भाजप ते नाकारत होता. हे कुठल्या रकान्यात टाकाल?

२०२३च्या आयटी नियमांत केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे की नाही, हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं होतं. कुणाल कामरा वगैरेंच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानं तरतूद रद्द झाली. हे शब्दच मोघम आहेत, हे त्यातलं एक कारण.

त्यापेक्षा १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) पाहा. विधान वस्तुस्थितीबद्दलचं हवं, उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी हवं, आणि बोलणाऱ्यालाच ते खरं वाटत नसायला हवं. फार अरुंद आहे म्हणून लोक नावं ठेवतात. मला तोच त्याचा गुण वाटतो.

या विषयावर प्रपोजल लिहीत असाल तर ज्या नोंदींवर तुमच्या कोडर्सचं जमलं नाही त्या टाकून देऊ नका. वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि किती निघाल्या तेही छापा.